बदनापूर ते बर्लिन : धूर एकच, नियम गावोगावचे

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याची एसटी पकडा. चिकलठाणा, शेंद्रा, करमाड, बदनापूर, जालना. साठेक किलोमीटरचा रस्ता, पण वाटेत कारभारी किती बदलतात ते मोजा. निघालात ती महानगरपालिका, तिला लागूनच छावणी परिषद. शेंद्र्याला औद्योगिक वसाहत, करमाडला ग्रामपंचायत, बदनापूरला नगरपंचायत आणि जालन्यात २०२३ मध्ये नगरपरिषदेची झालेली नवीकोरी महानगरपालिका. दीड तासात सहा कारभारी! नळपट्टी वेगळी, घरपट्टी वेगळी, कचऱ्याच्या गाडीवरचं गाणंही वेगळं.

मग प्रश्न असा, की रात्री घरात धूर भरला तर झोपलेल्यांना उठवणारा भोंगा, म्हणजे स्मोक अलार्म, यातल्या कोणत्या गावात सक्तीचा आहे? उत्तर शोधायला निघालो आणि थेट बर्लिन-टोकियोपर्यंत जाऊन आलो. वाटेत जे जे हाती लागलं, ते हे असं.

१. सहा कारभारी, एकच उत्तर

बैठं घर, रो-हाऊस, दोन मजली बंगला, पत्र्याचं घर. अशा साध्या राहत्या घराला स्मोक अलार्म बसवण्याची सक्ती या सहांपैकी कुठेही नाही. बदनापुरात नाही, जालन्यात नाही, संभाजीनगरातही नाही. कारभारी सहा असले तरी या बाबतीत सगळ्यांच्या वहीचं पान कोरं आहे.

२. कायद्याची फूटपट्टी उभी धरलेली

आगीचा कायदा आपल्याकडे नाही असं मात्र समजू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. बांधकामाची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि मुंबई, एमआयडीसी अशी काही ठिकाणं वगळून जवळपास राज्यभर तीच चालते. त्यामुळे बदनापूर आणि जालना यांचे बांधकामाचे नियम आज बऱ्याच अंशी एकाच पुस्तकातले आहेत. देशपातळीवर राष्ट्रीय इमारत संहिता आहे, २०१६ ची. तिचा चौथा भाग सगळा आगीवर.

पण या सगळ्यांची फूटपट्टी उभी धरलेली आहे. इमारत किती उंच, तिथे किती माणसं जमतात, तिचा वापर कशासाठी, हे पाहून नियम ठरतो. संहितेच्या लेखी १५ मीटर आणि त्याहून वर गेली की ती 'उंच इमारत', म्हणजे ढोबळमानाने पाच मजल्यांच्या पुढे. तिथून बंधनं वाढत जातात. आपल्या गल्लीतलं घर या फूटपट्टीच्या तळाशीच राहतं. धूर मात्र मजले मोजून येत नाही.

३. जानेवारी आणि जुलै, हे दोन महिने लक्षात ठेवा

संभाजीनगरात किंवा जालन्यात मुलगा-मुलगी उंच इमारतीत फ्लॅट घेऊन राहत असतील तर हा मुद्दा कात्रण काढून पाठवा. ज्या इमारतींना २००६ चा आगीचा कायदा लागू आहे, त्यांच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यायचा असतो. तोही परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन. सोसायटीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : "यंदाचा जुलैचा दाखला दाखवता का?" तो विचारायला वकील लागत नाही.

४. आग खाली, मरण वर

३ एप्रिल २०२४, पहाटे चारच्या सुमारास. संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली. वर कुटुंब झोपलेलं. दोन मुलांसह सात जण गेले. पोलिसांनी प्राथमिक तपासात सांगितलं ते ऐकून अंगावर काटा येतो : आग वरपर्यंत पोचलीच नव्हती, माणसं गुदमरून गेली.

त्याआधी जेमतेम तीन महिने, ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात आग लागली. आत झोपलेले सहा कामगार दगावले. दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखी : माणसं झोपेत होती. या लेखातला प्रत्येक मुद्दा त्या झोपेसाठीच आहे.

५. नाक झोपतं, कान जागा राहतो

"धूर झाला तर वास येईलच की!" हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. गाढ झोपेत वासाने जाग येईल याचा काही भरवसा नाही. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाचाही नाही आणि रंगाचाही नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस झोपेतून थेट बेशुद्धीत जातो. कान मात्र झोपेतही थोडा उघडा असतो. म्हणून भोंगा.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेची आकडेवारी सांगते, की घरांतल्या आगीत होणाऱ्या मृत्यूंपैकी पाचांतले जवळपास तीन अशा घरांतले असतात, जिथे भोंगा नव्हता किंवा असून बंद पडला होता.

६. फेसलेल्या मोहरीचा गजर

ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं काय? जपानी संशोधकांनी यावर वासाबीचा फवारा काढला. वासाबी म्हणजे जपानी जेवणातली ती हिरवी, नाकात झिणझिण्या आणणारी चटणी. धूर झाला की यंत्र तिचा अर्क हवेत सोडतं. चाचणीत झोपलेली बहुतेक सगळी माणसं काही मिनिटांत उठून बसली. २०११ मध्ये या शोधाला रसायनशास्त्राचं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात.

आता आपल्या स्वयंपाकघरातली गंमत. वासाबीतला हा झोंबरा घटक आपल्या मोहरीतही आहे! लोणच्यासाठी मोहरी फेसताना आजीच्या डोळ्यांत ज्याने पाणी येतं, तेच रसायन तिकडे जीव वाचवायला कामाला लावलं. साधा वास आणि हा ठसका यांत फरक आहे : हा नाकाला झोंबतो, म्हणून झोपेतही टोचून उठवतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी उशीखाली थरथरणारं यंत्र आणि लखलखणारा दिवा असलेले अलार्मही मिळतात.

७. "ऊठ बाळा, आग लागली!"

लहान मुलं भोंग्यालाही दाद देत नाहीत. अमेरिकेत ओहायोमधल्या एका बालरुग्णालयात ५ ते १२ वर्षांच्या मुलांना गाढ झोपेतून उठवून पाहिलं. २०१८ मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या कर्कश पिपाणीने जेमतेम निम्मी मुलं उठली. आईच्या आवाजातल्या हाकेने दहांतली जवळपास नऊ! ज्या घरात सकाळी सहाला तीच हाक रोज घुमते, तिथे याचं आश्चर्य वाटणार नाही. पण यातून शिकायचं ते हे, की भोंगा वाजला म्हणजे पोरं आपोआप उठली असं धरू नका. त्यांच्या खोलीकडे कोणी धावायचं हे आधीच ठरवून ठेवा.

८. कवडशाचं यंत्र

पत्र्याच्या घरात दुपारी झोपलात तर छताच्या बारीक भोकातून आलेला कवडसा पाहिला असेल. एरवी प्रकाशाची ती तिरीप दिसत नाही. चुलीचा धूर किंवा धूळ आडवी आली की पट्टा लख्ख चमकतो. स्मोक अलार्मच्या पोटात नेमकं हेच चालतं. आत एक काळी अंधारी डबी, तीत एका बाजूने प्रकाशाची तिरीप सोडलेली आणि तिच्या वाटेत येणार नाही असा बाजूला बसवलेला एक 'डोळा'. हवा स्वच्छ असली की डोळ्याला काहीच दिसत नाही. धूर शिरला की कण चमकतात, प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा सुरू. प्रकाशावर चालणारा म्हणून याला फोटोइलेक्ट्रिक म्हणतात.

९. रेडिओवर पोरांनी फोडलेली बातमी

दुसरा प्रकार आयनीकरणाचा. त्यात अमेरिशियम नावाचं मूलद्रव्य असतं, जेमतेम ०.३ मायक्रोग्रॅम. त्याच्या किरणांमुळे डबीतल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहत राहतो, धुराचे कण शिरले की तो अडखळतो आणि गजर होतो. डबी बंद असेल तर काही धोका नाही. उघडून खेळायची वस्तू मात्र नव्हे.

हे मूलद्रव्य १९४४ मध्ये सापडलं, पण युद्धाच्या काळात ते गुपित होतं. ११ नोव्हेंबर १९४५ ला शास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात पाहुणे होते. एका मुलाने विचारलं, नवीन मूलद्रव्यं सापडली का? सीबोर्ग यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं! रीतसर घोषणा व्हायची होती ती काही दिवसांनी.

या तंत्राची सुरुवातही अशीच अवचित झाली. १९३० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडचे वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते. ते काही जमेना. वैतागून सिगारेट पेटवली, तर यंत्राचा काटा हलला. विष नाही सापडलं, धूर सापडला.

१०. फोडणी आणि कापूस : दोन धूर, दोन स्वभाव

बदनापूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. भडकणाऱ्या आगीचा धूर बारीक कणांचा असतो, तो आयनीकरणाच्या अलार्मला लवकर कळतो. धुमसणाऱ्या आगीचा धूर जाड, पांढरट. तो कवडशाच्या यंत्राला लवकर कळतो.

आपल्या घरात धुमसतं काय? गादी, गोधडी, रजई आणि कापूस. भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवायचा आणि बाजूलाच खाट टाकून झोपायचं, हे तालुक्यातल्या कितीतरी घरांत दिवाळीपासून पुढे चालतं. कापूस चटकन भडकतो, पण एखादी ठिणगी आत गेली तर तासन् तास आतल्या आत धुमसतही राहतो. ज्वाळा दिसेपर्यंत खोली धुराने भरलेली असते. म्हणून आपल्या घरासाठी फोटोइलेक्ट्रिकच घ्यावा. शिवाय आयनीकरणाचा अलार्म पोळी करपली किंवा लाल मिरचीची फोडणी पडली की उगाच बोंबलतो. मग माणसं वैतागून बॅटरी काढून ठेवतात आणि खरी आग येते तेव्हा भोंगा मुका असतो.

११. एका रस्त्याचे दोन कायदे

आता जगातले शेजारी पाहू. ऑस्ट्रेलियात ट्वीड हेड्स आणि कूलंगट्टा ही जुळी गावं. मधून जातो तो बाउंडरी स्ट्रीट, नावाप्रमाणेच सीमेचा रस्ता. एका बाजूला न्यू साउथ वेल्स, दुसऱ्या बाजूला क्वीन्सलँड. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंची घड्याळंही एक तास पुढे-मागे, त्यामुळे नववर्षाचे बारा तिथे दोनदा वाजतात.

ट्वीड हेड्सच्या घरात मजल्याला किमान एक अलार्म हवा, हा नियम १ मे २००६ पासूनचा. रस्ता ओलांडून कूलंगट्टात आलात की प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्या जोडणाऱ्या बोळात एक, प्रत्येक मजल्यावर एक. सगळे फोटोइलेक्ट्रिक आणि सगळे एकमेकांशी जोडलेले : एक वाजला की घरभर वाजले पाहिजेत. मालक स्वतः राहतो अशा घरांनाही १ जानेवारी २०२७ ही शेवटची मुदत. या कडक नियमामागे एक दुःख आहे. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिस्बेनजवळ स्लॅक्स क्रीक इथे एका घराच्या आगीत ११ जण गेले. क्वीन्सलँडने त्यातून धडा घेतला आणि कायदा बदलला.

१२. ट्राम तीच, नियम दुसरा

फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीतलं केल, मध्ये ऱ्हाइन नदी. २०१७ पासून दोन्ही गावांत एकच ट्राम धावते. स्ट्रासबुर्गच्या घरात मार्च २०१५ पासून किमान एक अलार्म पुरतो. ट्रामने नदी ओलांडली की प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि बाहेर पळायच्या वाटेवर एकेक लागतो.

जर्मनीतल्या जर्मनीतही एकमत नाही, कारण तिथे हा विषय राज्यांचा. ऱ्हाइनच्याच दोन काठांवर माइंझ आणि वीसबाडेन समोरासमोर आहेत. माइंझच्या जुन्या घरांना मुदत होती २०१२ ची, वीसबाडेनच्या घरांना २०१४ अखेरची. बर्लिनला तर २०२० उजाडावं लागलं. पण उशिरा आलेल्या बर्लिनने बैठकीची खोलीही नियमात घेतली. दिवाणावर डुलकी लागते ती तिथेच ना!

१३. बदनापूर-जालन्याहून जवळ

बदनापूर ते जालना वीसेक किलोमीटर. इंग्लंडमधलं कार्लाइल आणि स्कॉटलंडमधलं ग्रेटना यांच्यात त्याहूनही कमी, पंधरा-सोळा. तेवढ्यात कायदा पालटतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात, मग ते स्वतःचं असो की भाड्याचं, बैठकीत एक, प्रत्येक मजल्याच्या बोळात एक आणि स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा एक, सगळे जोडलेले. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला मजल्यामागे एक लावणं घरमालकाला बंधनकारक. स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्याला मात्र तशी सक्ती नाही.

यातली स्वयंपाकघराची कल्पना आपण उचलावी अशी आहे. उष्णतेचा अलार्म फोडणीला घाबरत नाही. तो धूर पाहतच नाही, तापमान पाहतो.

१४. टोकियोत स्वयंपाकघरही सुटलं नाही

जपानने २००६ पासून नव्या घरांना अलार्म सक्तीचा केला. देशाचं किमान बंधन झोपायच्या खोल्या आणि जिन्याचं. जुन्या घरांची मुदत आणि स्वयंपाकघराचा निर्णय देशाने गावोगावच्या अग्निशमन नियमांवर सोपवला. टोकियोने प्रत्येक राहती खोली, स्वयंपाकघर आणि जिना असं सगळंच धरलं, तेही जुन्या घरांसकट एप्रिल २०१० पासून. ही रीत आपल्या कामाची आहे : किमान नियम वरून येतो आणि गाव हवं तर त्याहून दोन पावलं पुढे जातं.

१५. घर विकायचंय? आधी भोंगा दाखवा

आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत, एडिसनसारख्या गावांत, एक-दोन कुटुंबांचं घर विकताना स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला लागतो : धुराचा अलार्म आहे, कार्बन मोनॉक्साइडचा आहे आणि स्वयंपाकघराजवळ आग विझवायचं नळकांडं आहे. हडसन नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये २०१९ पासून बॅटरीवर चालणारा नवा अलार्म घ्यायचा तर दहा वर्षं टिकणाऱ्या सीलबंद बॅटरीचा. बॅटरी काढताच येत नाही, म्हणजे ती रिमोटला लावायचा मोहही होत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये स्वयंपाकघर किंवा न्हाणीघरापासून २० फुटांच्या आत अलार्म लावायचा तर तो फोटोइलेक्ट्रिकच हवा. फोडणीची आणि वाफेची काळजी त्यांनी कायद्यातच घेतली. सिंगापूरमध्ये १ जून २०१८ पासून प्रत्येक नव्या घराला अलार्म बंधनकारक आहे. तिकडे राहणाऱ्या भाच्याला विचारा, छतावरची ती पांढरी बशी तो लगेच दाखवेल.

१६. शुक्रवार तेरा तारीख आणि १४ एप्रिल

शुक्रवारी तेरा तारीख आली की युरोपात बऱ्याच ठिकाणी ती अशुभ मानतात. जर्मनीने तोच दिवस 'स्मोक अलार्म दिन' करून टाकला. भीतीचा दिवस तपासणीचा झाला. नॉर्वेत १ डिसेंबरला घरोघर बटण दाबतात.

आपला दिवस १४ एप्रिल, राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. जहाजाच्या पोटात दारूगोळा होता. आणि आग कशाला लागली होती? कापसाच्या गाठींना. ज्या तालुक्यात कापूस घरात झोपतो, तिथे ही तारीख प्रत्येकाला पाठ असायला हवी.

१७. भोंग्याची भाषा

तीन वेळा पीप, मग थोडी विश्रांती, पुन्हा तीन वेळा पीप : याचा अर्थ "बाहेर पळा". दर मिनिटाला एखादी बारीक चिवचिव : "बॅटरी संपत आली". आवाज साधारण तीन मीटरवर ८५ डेसिबल, म्हणजे मिक्सर चालू असताना होतो तितका. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचं. दहा वर्षं झाली की यंत्र बदलायचं, मग ते वाजत असलं तरी. तयार झाल्याची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते.

१८. पत्र्याच्या घरात कुठे लावायचा?

स्लॅब असेल तर छताच्या मध्याजवळ. भिंतीवर लावायचा तर छतापासून चार ते बारा इंच खाली. कोपऱ्यात नको, तिथे हवा साचून राहते आणि धूर पोचत नाही. पंख्याच्या पात्याजवळ नको, वारा धूर उडवून लावतो. चुलीपासून, गॅसपासून किमान तीन मीटर लांब. पत्र्याचं घर असेल तर छताला टांगू नका. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर जमतो आणि धूर त्याखालीच अडतो. तिथे आतल्या भिंतीवर लावा. उतरत्या छतात अगदी टोकाला चार इंच सोडा.

एकच घेणार असाल तर जिथे माणसं झोपतात तिथे. कापूस घरात असेल तर कापसाच्या आणि खाटेच्या मधोमध. विकत घेताना डब्यावर 'ईएन १४६०४' किंवा 'यूएल २१७' हे घरगुती अलार्मचे मानक आहे का ते वाचा. एका बऱ्या मिक्सरपेक्षा तो स्वस्त पडतो. वीज गेली तरी बॅटरीवर चालतो, हे आपल्याकडे किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

१९. वाजल्यानंतरची दोन मिनिटं

भोंगा उठवतो, पळायचं आपल्यालाच असतं. धूर वर जमतो, म्हणून खाली वाकून, गरज पडली तर रांगत बाहेर. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गरम असेल तर उघडू नका. बाहेर पडताना मागची दारं ओढून घ्या, आगीला वारा मिळत नाही. मोटारसायकलची चावी, कपाटातले दागिने, कापसाचं ओझं यासाठी परत फिरू नका. १०१ किंवा ११२ ला फोन बाहेर आल्यावर. बंब यायला जो वेळ लागतो, तो वेळ भोंग्याने आधीच कमावून दिलेला असतो.

आणि रात्री दाराला आतून कुलूप लावत असाल तर किल्ली दाराजवळच खिळ्याला टांगा, अंधारात हाताला लागेल अशी.

२०. सीतादहीच्या दिवशी बटण

गेल्या हंगामात आमच्या घरी एक अलार्म आला. पहिल्या दिवशी मी तो हौसेने स्वयंपाकघराच्या दारावर लावला. संध्याकाळी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या आणि तो असा काही ओरडला, की शेजारच्या काकू पदर खोचून धावत आल्या. दुसऱ्या दिवशी तो काढून मधल्या खोलीत, आजीची खाट आणि कापसाचा ढीग यांच्या मधल्या भिंतीवर लावला. तेव्हापासून फोडणीला गप्प आहे. हाताच्या पंजाएवढी पांढरी बशी, मध्ये एक बटण, त्याच्या कडेला बारीक लाल ठिपका. थोड्या थोड्या वेळाने तो एकदा लुकलुकतो, जणू सांगतो, जागा आहे.

कायद्याने हे माझ्याकडे मागितलेलं नाही. बदनापूरच्या नगरपंचायतीने नाही, जालन्याच्या महानगरपालिकेने कुणाकडे नाही. कदाचित उद्या मागतील, आणि मागावं असं मला मनापासून वाटतं. टोकियोत, माइंझमध्ये, कूलंगट्टात झालं ते आपल्या गावांत अशक्य नाही. पण तोवर वाट पाहत बसायचं कशाला? कापूस वेचायला सुरुवात करताना आपण शेतात सीतादही करतो. महिन्याची तपासणी असतेच, पण त्या दिवशीही घरी येऊन एकदा बटण दाबायचं, एवढीच रीत आम्ही जोडली आहे. कापूस घरात येण्याआधी भोंगा तपासलेला.

बटण दाबायचा मान धाकट्याचा. हात पुरत नाही म्हणून तो झाडूचा दांडा घेतो. पीप, पीप, पीप. घर दणाणतं. पहिल्या वेळी आजीने कानांवर हात ठेवले होते. आता ती खाटेवर बसूनच मान हलवते आणि गोधडी पायांवर ओढून घेते.

"वाजतंय," ती म्हणते. "झोपा आता."